अखंड खांबाचा हट्ट

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात मला बोलायला बोलावलं होतं. आयुष्यभर पटाशी आणि मोगरी हातात धरलेल्या माणसाच्या हातात माईक दिला की त्याची जी गत होते, ती माझी झाली. माझी ओळख करून देताना तिथले तरुण सर म्हणाले, "यांच्या कलेच्या मुळाशी पर्यावरणाचं तत्त्वज्ञान आहे. हे उभ्या झाडाच्या लाकडाला हात लावत नाहीत. वादळात पडलेलं झाड, पाडलेल्या घराच्या तुळया, एवढ्यावरच काम करतात. निसर्ग देईल तेवढंच घ्यायचं, हा यांचा विचार."

टाळ्या पडल्या. मी ठेवणीतला सदरा घालून गेलतो, तो पाठीला चिकटला. सातवी शिकलेला मी सुतार माणूस, आणि म्हणे तत्त्वज्ञान!

भाषण कसंबसं उरकलं. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हा विचार तुम्हाला कधी सुचला?"

मी म्हणालो, "वडिलांची शिकवण." पोरीनं ते वहीत लिहून घेतलं.

ते अर्धंच खरं होतं. दिवाळीच्या अंकात कडू लिहू नये म्हणतात, पण उरलेलं अर्धं आता माझ्याच्यानं पोटात ठेववत नाही. म्हणून लिहितो.

आधी धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही पिढीजात सुतार, पण दारं-खिडक्यांचे नव्हे, नक्षीचे. देवळाचे खांब, देव्हारे, पालख्या, चौकटी. माझं दुकान शुक्रवार पेठेत. लोकांना वाटतं नक्षी हातात असते. नक्षी थोडीफार हातात असते, बाकी सगळी कानात असते. लाकूड घ्यायच्या आधी ते तासायच्या वाकसाच्या पाठीनं ठोकून ऐकायचं. भरीव लाकूड टणटण बोलतं, आत कुजलेलं धब् करतं. मग रेषा बघायच्या, गाठी बघायच्या. कापलेलं लाकूड सावलीत वर्ष-वर्ष वाळवायचं. घाई केली की खांब उभा केल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच वरपासून खालपर्यंत फाटतो आणि गाव शिव्या घालतं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, हेच माझे गुरू. त्यांचा एकच नियम. "लाकडाकडं बगून नक्षी काड. नक्षीकडं बगून लाकूड हुडकाय जाऊ नगो." लाकडाला बाक असेल तर त्या बाकात वेल बसवायची, गाठ असेल तर गाठीत फूल उमलवायचं. अण्णांनी जन्मभर तुकड्यांतून काम केलं. सांधे असे जोडायचे की नख फिरवलं तरी कळायचं नाही.

मला त्याची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू! मला वाटायचं, अण्णांना चांगलं लाकूड परवडत नाही, म्हणून त्यांनी गरजेचा नियम करून ठेवलाय. ते गेल्यावर मी दुकानाची रीतच बदलली. अखंड काम. एका ओंडक्यातून एक खांब, सांधा नाही. नव्वदच्या आसपास माझं तेवढंच नाव होतं. "सांधा दाखवा आणि खांब फुकट न्या," असं मी गिऱ्हाईकाला तोंड वर करून सांगायचो.

गिऱ्हाईकं पण एकेक नग यायची. एकानं बंगल्याच्या दारावर आठही विनायक आणि मधोमध स्वतःचा फोटो कोरायला सांगितला होता. मी म्हटलं, "फोटो कशाला, दार उघडल्यावर तुम्ही दिसणारच की!" तो रागावून गेला. असल्या लोकांत वावरलं की देवळाचं काम आलं म्हणजे बरं वाटायचं. देव काही मोजमाप बदलायला सांगत नाही.

असंच एक देवळाचं काम शाहूवाडीकडच्या डोंगरातनं आलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक गावाची कमी आणि माझी जास्त होती. तिथल्या ग्रामदेवतेचं देऊळ राईत आहे. देवाची राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. त्यातली काटकी कुणी घरी नेत नाही, चुलीत घालत नाही. झाड आपोआप पडलं, तरच त्याचं लाकूड घ्यायचं, तेही देवाच्याच कामाला. उभं झाड हवं असेल तर देवाला कौल लावायचा. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

देऊळ नवं करायचं ठरलं होतं. समितीचे पुढारी आबा, गावचे पाटील, मोठ्या आवाजाचे आणि सरळ मनाचे. गाभाऱ्यासमोर दोन दर्शनी खांब हवे होते, बारा-बारा फुटांचे. आबा मला राईत घेऊन गेले. भर दुपारी तिथं गारवा होता. पायाखाली पालापाचोळा घोट्यापर्यंत.

देवळामागं एक फणस आडवा पडलेला होता, मागच्या पावसात कोसळलेला. आबा म्हणाले, "मेस्त्री, देवीनंच दिलाय बगा. ह्यातनं बसतंय का?"

मी ठोकून पाहिलं. लाकूड खणखणीत. फणसाचं लाकूड आत हळदीसारखं पिवळं असतं, वर्षं जातील तसं तांबूस होतं. नक्षीला त्याच्यासारखं लाकूड नाही. पण सरळ भाग आठ-नऊ फूटच निघत होता, पुढं खोडाला बाक होता. अण्णा असते तर म्हणाले असते, दोन तुकडे कर, सांध्यावर कमळ बसव, झालं काम. मलाही ते दिसत होतं. आबांनी विचारलं तेव्हा मी चक्क म्हणालो, "हे चालणार नाही. मी जोडाचा खांब करत नाही."

तेवढ्यात माझी नजर वर गेली. पलीकडं दोन फणस उभे होते, शेजारी-शेजारी, एकसारखे. रानातली झाडं उजेडासाठी चढाओढ करत वाढतात, म्हणून सरळसोट जातात. मला झाडं दिसलीच नाहीत. मला दोन खांब दिसले, नक्षीसकट.

"ही दोन मिळाली," मी म्हणालो, "तर असं काम करून देतो की कोल्हापुरातनं लोक बघायला येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लावला. डावी कळी पडली. आबा म्हणाले, "संपला इषय." ते खरंच मागं फिरले होते. मीच म्हणालो, "आबा, गाऱ्हाणं नीट घातलं नाही. झाड पाडू का, असं विचारलं तर कुठली आई हो म्हणेल? तुझ्याच दारात उभं करतो, तुझीच सेवा करायला ठेवतो, असं विचारा." गुरवानं तसं विचारलं. कळी पडेचना. मग डावी पडली. मी पुन्हा शब्द बदलून दिले. तिसऱ्या खेपेला उजवी पडली, आणि लोकांनी चांगभलं केलं. कळ्या तोवर सुकत आल्या होत्या. सुकलेली कळी कधीतरी, कुठल्यातरी बाजूला पडणारच, एवढं मला कळत होतं. पण मला जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं.

त्या राईत तानूआक्का होती. गुरवाची विधवा बहीण, देवळाची झाडलोट करणारी, पन्नाशीची असेल. ती मला वाटेत आडवी आली.

"मेस्त्री, त्या अलीकडल्या फणसाला हात लावू नगासा. त्यात ककणेर हाय."

ककणेर म्हणजे धनेश पक्षी, मोठ्या बाकदार चोचीचा. मी म्हटलं, "जाईल की आक्का उडून. रानात झाडं काय कमी हाईत?"

"न्हाय ओ. मादी आत कोंडून घेती सवताला. भोक लिंपून टाकती, निस्ती चोच जाईल एवढी फट ठेवती. तिची पिसं झडत्यात, तिला उडाय येत न्हाय. नर बाहीरनं फळं आणून चारतोय. पिल्लं मोठी हुईस्तवर ती तितंच. ऐका की माजं. दोन म्हैनं थांबा, मग काय करायचं ते करा."

दोन महिन्यांनी पावसाळा लागला असता. ओलं लाकूड डोंगरातून खाली आणायला वाट राहिली नसती, काम वर्षभर पुढं गेलं असतं. आणि खरं सांगू का? तिचं मला खरंच वाटलं नाही. पक्षीण स्वतःला भिंतीत चिणून घेते, ही कहाणी वाटली. तिनं हात करून दाखवली ती फट मी पाहिली, पंधरा फुटांवर मातीनं लिंपलेली. जुनी जखम भरून आलीय, एवढंच मी समजलो.

इथं पक्ष्याचं सोडा, माझ्या धंद्याचंही मी विसरलो. वर भोक असेल तर पाणी आत उतरतं आणि खाली कुजवत येतं, हे मी दुकानातल्या कारागिरांना शिकवत होतो. मी झाड ठोकलं, पण डोक्याच्या उंचीपर्यंतच. तिथं ते टणटण बोललं. शिडी मागवून वर ठोकलं नाही. भीती वाटली, वर वेगळा आवाज आला तर?

चैत्रातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी झाड पाडलं. कृष्णपक्षात तोडलेल्या लाकडाला कीड कमी लागते, एवढी काळजी मात्र आम्ही घेतली होती. पिवळा भुसा भंडाऱ्यासारखा उधळत होता. झाड कलंडलं, शेजारच्या फांद्या मोडत खाली आलं, आणि त्या आवाजातच मला कळलं. भरीव झाड पडताना जमीन हादरते. हे पडताना ढोल फुटल्यासारखा आवाज झाला.

खोड उलून पडलं होतं. आत आठ फुटांवरनं वर सगळी पोकळी. लिंपणाची माती फुटून विखुरली होती. त्यात दोन उघडी-वाघडी पिल्लं, मेलेली. आणि ती मादी जिवंत होती. पंखांवर पिसं नव्हती, नुसते खुंट. ती चालायला बघत होती आणि तोल जाऊन पुढं पडत होती. एवढी माणसं उभी होती, पण कुणी हललं नाही. तानूआक्का आली, तिनं पदर पसरला, मादीला त्यात घेतलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेली. संध्याकाळपर्यंत ती मादी गेली.

पण मला जे विसरता येत नाही ते नंतरचं आहे. नर आला. गळ्यात उंबराची फळं साठवून आला होता. तो सरळ त्याच उंचीवर, जिथं फट होती तिथं आला. तिथं आता काहीच नव्हतं. पंख फडफडवत क्षणभर तिथंच थांबला, मग शेजारच्या फणसावर जाऊन बसला. पुन्हा आला. पुन्हा तिथंच. दिवस मावळेपर्यंत तो हेच करत होता. मी दगडावर बसून बघत होतो. मला रडू आलं, आणि मी काही रडका माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. त्यांनाही रात्री झोप लागली नसावी, पण माणूस कामाचा. म्हणाले, "मेस्त्री, झालं त्ये वंगाळ झालं. पर कौल दोन्ही झाडांचा घेतलाय. ह्यो गेला पोकळ. त्यो दुसरा भरीव निगंल. त्येचं दोन खांब हुत्यात का बगा. माणसं हाईत तवर पाडून घिऊ."

जोडीच्या त्या फणसावर नर बसलेला होता.

आता माझ्या एका शब्दावर ते झाड होतं. हो म्हटलं असतं तर तासाभरात करवत लागली असती. त्या झाडातून माझ्या आयुष्यातले सगळ्यात देखणे खांब निघाले असते, हे मला आजही माहीत आहे. नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? कौलासाठी शब्द पुरवणारा मीच.

मी म्हणालो, "आबा, दुसरं झाड पाडायचं नाही. त्या आडव्या पडलेल्या फणसातून करतो खांब. जोडाचे करतो."

आबा भडकले. "आन् त्ये काल का न्हाय सुचलं? काल जोडाचं चालत न्हवतं, आज चालतंय? तुमच्या हट्टापायी आमी देवीला तीनदा कौल लावला ओ!"

लोकांचं डोकं फिरलं होतं आणि ते बरोबरच होतं. कुणीतरी म्हणालं, ह्या मेस्त्रीचा हातच राईला नको. जोडाचं काम गावाला अपशकुनी वाटायला लागलं, आणि माझं तर वाटणारच. शेवटी आबा म्हणाले, "मग काय शिमिटाचं खांब घालू व्हय देवीला?"

"घाला," मी म्हणालो. "पण ते झाड राहू दे. तेवढं कबूल करा."

आबांनी करवतवाल्यांना खुणेनंच परत पाठवलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जावा तुमी."

मी कामाची घेतलेली सुपारी परत दिली आणि एस.टी.नं कोल्हापूरला आलो. देवळात सिमेंटचे खांब उभे राहिले. त्यांच्यावर नंतर रंगाऱ्याकडून लाकडाच्या रेषा काढून घेतल्या, गाठीसुद्धा काढल्या. शाहूवाडीकडचं कुणी दुकानात आलं की हसत हसत सांगायचं, "तुमच्या खांबापरास झ्याक दिसत्यात की ओ!" मीही हसायचो.

त्या दिवसापासून मी उभ्या झाडाचं लाकूड घेतलं नाही. ह्याला सर तत्त्वज्ञान म्हणतात. मला हात लावायचं धाडस होत नव्हतं, एवढंच खरं. गिऱ्हाईकं तुटली. अखंड काम करणारा मेस्त्री आता पाडलेल्या घरांतले वासे गोळा करत हिंडतो, अशी पेठेत चेष्टा झाली. मी मात्र अण्णांचे सांधे नव्यानं शिकायला बसलो, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. रस्तारुंदीत पडलेल्या चिंचेचा बुंधा आणायचा, आठ-आठ दिवस नुसता समोर ठेवायचा, उलटासुलटा करून बघायचा. तो काय व्हायला तयार आहे ते कळेपर्यंत पटाशी लावायची नाही. हळूहळू कळलं की अण्णांचा नियम गरिबीचा नव्हता. लाकूड जिथनं येतं तिथं त्याला कुणाकुणाचं देणं असतं, ते फिटल्यावर जे उरतं त्यावर आपला हक्क. अण्णा असं बोलले नसते. ते फक्त तसं काम करत. माझ्या हातून झालेलं बरं काम, जे थोडंफार आहे ते, त्यानंतरचं आहे.

दहा-बारा वर्षं गेली. एका दिवाळीनंतर आबा दुकानात आले. थकले होते, हातात काठी होती. बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "त्या जोडीच्या फणसाची एक फांदी पडली पावसात. मोठी हाय. देवीच्या पालखीचा दांडा मोडलाय. येतासा का?"

"कौल लावला?" मी विचारलं.

"पडलेल्याला कसला कौल?" आबा म्हणाले. "आन् आमी आता कौल एकदाच लावतो."

फांदी बघितली आणि मी हात जोडले. पालखीचा दांडा मधे कमानीसारखा उचललेला लागतो. सरळ लाकूड कापून तसा बाक काढला तर रेषा तुटतात आणि दांडा भार घेत नाही. त्या फांदीला तो बाक जन्मतःच होता. कुठं किती लाकूड काढायचं तेवढंच ठरवायचं होतं. वर्षभर देवळामागं सावलीत वाळवली, मग तिथंच बसून काम केलं. नक्षी अगदी थोडी. एका टोकाजवळ, खालच्या अंगाला एक गाठ गळून पडलेली होती, अंगठा जाईल एवढं भोक. दांड्याच्या मजबुतीला त्यानं धोका नव्हता. लाखेनं आणि भुशानं बुजवलं असतं तर कुणाला दिसलं नसतं. मी ते ठेवलं. कडा तेवढ्या घासून गुळगुळीत केल्या.

काम झालं त्या सकाळी तानूआक्का आली. तिला आता दिसत नव्हतं. भाचीच्या खांद्यावर हात ठेवून आली. त्या सगळ्या दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मीच विचारलं, "आक्का, ककणेर येतो का ओ?"

"लई वरसं न्हवता. आता ह्या फणसात येत्यात एक जोडी. आवाज येतोय."

"तोच असेल का?"

"त्यो कशाचा? दुसरा आसंल. गेलं त्ये गेलं, मेस्त्री."

मग तिनं दांड्यावरनं हात फिरवायला सुरुवात केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. शेवटाला तिचं बोट त्या भोकात गेलं आणि हात थांबला.

"हितं बुजवायचं इसरलासा व्हय?"

"नाही आक्का. ठेवलंय."

ती तशीच उभी राहिली, बोट आत. वर फणसावर काहीतरी फडफडलं, तिनं मान वर केली. मला वाटलं, आता बरं काही म्हणेल. एवढ्या वर्षांनी म्हणेल.

"त्या येळंला बी," तानूआक्का म्हणाली, "एवढंच करायचं हुतं की."